सरपंच, मॉनिटर आणि माझी बादली

सरपंचाला ऑटोत घालून दवाखान्यात नेले ते मी, दुसऱ्या कोणी नाही. टेबलावर त्याला भूल देईपर्यंत त्याचे पुढचे पाय धरून उभी होते तीही मीच. हे आधी स्पष्ट सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत सध्या जी कथा फिरते आहे तिच्यात कधी माझ्या यजमानांचे नाव येते, कधी नगरपालिकेची गाडी येते, आणि अर्धवट ऐकलेले पूर्ण म्हणून सांगण्याला माझा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून विरोध आहे. आणि सरपंच म्हणजे कुत्रा. गावचा खराखुरा सरपंच नव्हे. तसे असते तर गल्लीने मला हार घातला असता.

माझ्या दिराचा, यादोरावांचा, कुत्रा तो. भावजी अड्याळला ग्रामपंचायतीला उभे राहिले, पडले, आणि त्याच सुमारास दारात आलेल्या पिल्लाचे नाव त्यांनी सरपंच ठेवले. "वयनी, आता सरपंच माह्या शब्दाबाहेर जात नाही," असे ते अभिमानाने सांगतात. जातो. तुम्हाला सांगते, तो शब्दाबाहेर जातो, उंबऱ्याच्या आत येतो, भिंतीपाशी थांबतो, वळतो आणि पाय वर करतो... पण मी क्रम चुकवते आहे. क्रमाने सांगते.

भंडाऱ्याला घरी आम्ही दोघे. यजमान मारोतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मी शाळेतून निवृत्त, आणि आमच्याबरोबर मॉनिटर. मॉनिटर हाही कुत्रा. वर्गात मॉनिटर कसा असावा, तर अंगणात कावळा उतरला तरी आधी माझ्याकडे पाहील आणि मग भुंकेल, असा. मी 'बस' म्हटले की बसे, 'ऊठ' म्हटले की उठे. मारोतरावांना मी हे दोन शब्द इतकी वर्षे सांगते आहे, असो. घर कसे होते? आरशासारखे. बैठकीत माझ्या लग्नातला, पाणी भरायचा पितळी गुंड, त्याच्यावर पितळी लोटा, चिंचेने घासून असे लखलखीत की पाहुण्याने त्यात केस विंचरावेत. भंडाऱ्याचे पितळ आहे ते, आणि त्याच्यावर माझे नाव कोरलेले आहे. आमच्या घरात चमच्यापासून परातीपर्यंत प्रत्येक भांड्यावर माझे नाव कोरलेले आहे, कारण लग्नकार्यात भांडी उसनी जातात आणि नाव नसलेले भांडे परत येत नाही. हा अनुभव आहे, कंजूषपणा नव्हे.

अशा घरात एक दिवस अड्याळहून तुलारामचा फोन आला. तुलाराम म्हणजे भावजींचा शेजारी. भावजी विधुर, मूलबाळ नाही, एकटेच राहायचे. तर तुलाराम सांगतो, "बाई, यादोभाऊ न्हाणीत पडले होते ना जी. किती येळचे पडले होते कोणाले मालूम. हा सरपंच माह्या दारात येऊन बोंबलून राहिला म्हनून मी गेलो, नाही त समजतच नाही." डाव्या अंगावरून वारे गेले होते. हात थोडा वाचला, पाय ओढत चालू लागले. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना परत त्या एकट्या घरात पाठवायचे? मारोतराव काही बोलले नाहीत. ते बोलतच नाहीत. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मीच म्हटले, भावजींना इथे आणा. तेव्हा हाही निर्णय माझाच, नोंद घ्या. भावजी म्हणाले, "सरपंच असन त येतो." आता ज्याने जीव वाचवला त्याला मागे ठेवा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? या, म्हटले, दोघेही या.

आले. ऑटोतून आधी सरपंच उतरला. मॉनिटर दारात उभा. दोघे एकमेकांभोवती फिरले, हुंगले, शेपट्या ताठ. मला वाटले परिचय चालला आहे. परिचय झाल्यावर सरपंच सरळ बैठकीत आला आणि दाराच्या चौकटीवर, जिथे मी दर दिवाळीला रंग लावते तिथे, पाय वर केला. भावजी म्हणाले, "नवीन जागा आहे ना, वयनी. थोडी वळख करून राहिला."

मी बादली भरली.

आता बादलीबद्दल एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा विचारू नका. माझ्या बादलीत फिनाईल असते आणि फिनाईलच्या वर पळीभर गोमूत्र असते. फिनाईल जंतूंसाठी आणि गोमूत्र माझ्या मनासाठी. वर्गात मी विज्ञानही शिकवले आहे. पण बैठकीला लागून देवघर आहे, आणि कुत्र्याने पाय वर केलेल्या जागेवरून देवाला फुले नेताना विज्ञान पुरत नाही. शेजारच्या रुखमिणीबाईंच्या गाईचे ताजे गोमूत्र रोज सकाळी बाटलीत येते. फडक्याने पुसायचे आणि वरून शिंपडायचे, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. तिच्यात मी एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

पण तुम्हाला सांगते, पुसून मी पाठ वळवते न वळवते तोच त्याच चौकटीवर पुन्हा ओल. पुन्हा पुसले, पुन्हा शिंपडले. संध्याकाळी देवघराच्या पायरीपाशी. दुसऱ्या दिवशी सोफ्याचा पाय, मग कपाटाचा कोपरा, मग मारोतरावांची छत्री, आणि ती छत्री त्यांनी उघडली तेव्हा ते बाजारात होते, डोक्यावर ऊन होते, आणि आजूबाजूला ओळखीचे लोक होते... घरी येऊन इतकेच म्हणाले, "छत्री बदलावं लागते वाटते." जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा यांच्या कार्यालयातली अर्धी कपाटे गोंदियाला गेली होती आणि तेव्हाही ते असेच म्हणाले होते, "कपाटं घ्यावं लागतीन वाटते." तर जिल्ह्याची वाटणी सरकारने केली ती निदान कागदावर, आमच्या घराची वाटणी भिंतीवर चालली होती. हद्द आखायची, पुसली गेली की परत आखायची.

मी बादली भरली.

रुखमिणीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अवो बाई, लाल पान्याची बाटली ठेवा ना. आमच्या फाटकाले ठेवली तवापासून एक कुत्रा फिरकत नाही." मी म्हटले, रुखमिणीबाई, ही अंधश्रद्धा आहे, लाल पाण्याला कुत्रा भितो असे कोणत्याही पुस्तकात नाही. हे मी स्पष्टपणे, कारणांसह सांगितले. आणि दुपारी सगळे झोपल्यावर मी कुंकू कालवून एक बाटली देवघराच्या पायरीपाशी ठेवली. चहाच्या वेळी उठून पाहते तर बाटली ओली. बाहेरून.

पण कुत्र्याचेच काय घेऊन बसलात? भावजींचा खांद्यावरचा दुपट्टा माझ्या खुर्चीच्या पाठीवर. माझी खुर्ची, जिच्यात मी निवृत्तीपासून पेपर वाचते. मी तो उचलून खिळ्याला टांगते, तासाभराने पुन्हा खुर्चीवर. खिळा, खुर्ची, खिळा, खुर्ची. त्यांच्या खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पन्नी खिडकीत. मी टाकून देते, नवी येते. मी एक शब्द बोलले नाही. मी फक्त व्यवस्था लावली. बाजारात जाऊन भावजींसाठी नवे ताट, वाटी, पेला आणला आणि भांड्यांच्या दुकानातच त्यांच्यावर नाव कोरून घेतले: 'यादोराव'. ज्याचे त्याच्याजवळ, घोटाळा नको. ताट वाढले तेव्हा भावजींनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगलं केलं, वयनी." मला वाटले कौतुक केले. मी आणखी एक पोळी वाढली.

शेवटी एका सकाळी पितळी गुंड हिरवा दिसला. हिरवा! माझ्या लग्नाचा गुंड, बुडापासून वीतभर हिरवट-निळे ओघळ, आणि ते माझ्या नावाच्या दोन अक्षरांवरून गेलेले. त्या सकाळी मी बादली भरली नाही. मी पातळ बदलले आणि पशुवैद्यांकडे गेले.

पशुवैद्य म्हणजे हर्षा. माझी विद्यार्थिनी, भंडाऱ्यात डोळे मिटून दगड मारला तर तो माझ्या विद्यार्थ्यालाच लागतो. ती म्हणाली, "बाई, हे लघवी लागली म्हणून करत नाहीत ते. पोट रिकामं करायला कुत्रा बाहेर जातो, घरात थोडीथोडी करतो ती खूण असते, ही जागा माझी म्हणून. एका घरात दोन नर असले की एकानं केलं की दुसरा त्याच्यावर करतो. दोघांचीही नसबंदी करून घ्या. बरेचदा खूप कमी होतं. पण लगेच नाही हं, अंगातलं उतरायला काही आठवडे जातात, आणि जुनी सवय असली तर थोडी राहतेही." मी म्हटले, दोघांची कशाला? मॉनिटर तसे करत नाही. ती म्हणाली, "करत असेल, बाई." मी म्हटले, हर्षा, मॉनिटरला मी वाढवले आहे. मग विचारते कशी, "आणि बाई, जागा कशानं धुता?" मला! जिच्या वर्गाचा फळा तालुक्यात दाखवायला नेत, तिला विचारते, कशाने धुता! मी म्हटले, स्वच्छ धुते. आणि उठले.

घरी येऊन मी भावजींना रीतसर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, खर्रा गालात सरकवला आणि म्हणाले, "वयनी, बिचाऱ्यानं काय बिघडवलं तुमचं? नराले असं करतेत का जी?" मी म्हटले, भावजी, तुम्ही जन्मभर धानाची शेती केली. तुमच्या बांधीत जी बैलजोडी चिखल तुडवत होती ती कोण होती? गोऱ्ह्यांना चिमटा लावून बैल करताना तुम्हीच दोर धरून उभे राहत होता ना? आणि पोळ्याला त्याच बैलाच्या पायावर पाणी घालून त्याला पुरणपोळी कोण चारत होते? मला वाटले आता वादाला जागा उरली नाही. "बैल कामाचा असते, वयनी," ते म्हणाले. "हा संगतीचा आहे."

मी म्हटले, मग करायचे ना ऑपरेशन? आणि ते म्हणाले, "पाहू."

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळे यातूनच घडले. माझ्या शाळेत 'पाहू' म्हणजे होकार. सहल काढायची का, मुख्याध्यापक 'पाहू' म्हणाले की आम्ही डबे भरायला लागत असू. पण अड्याळात, हे मला मागाहून कळले, 'पाहू' म्हणजे नाही. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही म्हणून तिथे 'पाहू' म्हणतात. मुलीला नकार द्यायचा, 'पाहू'. जमीन विकायची नाही, 'पाहू'. मी त्याच गावची सून, आणि इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नाही. मारोतरावांना विचारले, तुम्हाला ठाऊक होते? म्हणाले, "हो. मी त नेहमीच पाहू म्हणतो." तेव्हा लग्नापासूनचे माझे कितीतरी प्रश्न एकदम सुटले.

तर भावजी एका तेरवीला अड्याळला गेले सकाळच्या एसटीने, आणि इकडे मी ऑटो बोलावला. ऑपरेशन चांगले झाले. सरपंच गुंगीत घरी आला, गळ्यात प्लास्टिकचे नरसाळे, टाके चाटू नयेत म्हणून. मी त्याला परसदारी पोत्यावर निजवले, पाणी ठेवले, उन्हाला आडोसा केला. कर्तव्यात मी कसूर केली नाही. संध्याकाळी भावजी पाय ओढत आले. सरपंच उठला, नरसाळे दाराला आपटले, पुन्हा आपटले, आणि तसाच वाकडा चालत त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. भावजींनी नरसाळ्यात हात घालून त्याचे कान चोळले. ओरडले असते तर बरे झाले असते. ओरडणाऱ्याला उत्तर देता येते, चाळीस मुलांच्या वर्गाला मी उत्तर दिले आहे. ते फक्त म्हणाले, "याच्या धन्याले इचारलं नाही, त निदान तेरवीहून येऊ द्याचं होतं, वयनी." आणि जेवायला बसले, नावाच्या ताटात. अर्धी पोळी ठेवून उठले. हात धुताना म्हणाले, "याचे टाके सुटले की आमी जातो अड्याळले. आपलं घर बरं."

मी यजमानांना म्हटले, तुम्ही काही बोला. भाऊ तुमचा आहे. मारोतराव म्हणाले, "काय बोलू. यादो गेला, त पुढचा फोन तुलारामचाच येईन." आणि कूस बदलली. हे वाक्य बोलून माणसाने कूस बदलावी का, सांगा. मी छताकडे पाहत राहिले. न्हाणी, ओली फरशी, दाराबाहेर भुंकणारे कुत्रे, आणि समजा या खेपेला तुलाराम शेतावर असला तर...

सकाळी उठले. चौकट ओली.

आता तुम्ही म्हणाल, हे कसे? सरपंच तर परसात बांधलेला, गळ्यात नरसाळे, धड पाय वर करता येत नाही. मलाही तोच प्रश्न पडला. दुपारी मी पेपर उघडून खुर्चीत बसले. वाचत नव्हते, पेपराच्या कडेने पाहत होते, परीक्षेच्या वर्गात पाहत असे तशी. मॉनिटर आला. माझा मॉनिटर. माझ्याकडे पाहिले, जसा कावळा उतरल्यावर पाहतो तसा. मग सावकाश गुंडापाशी गेला, माझे नाव हुंगले आणि त्याच्यावर पाय वर केला. करत असताना माझ्याकडेच पाहत होता, पुढे भुंकू का असे विचारल्यासारखा.

मी बादली भरली.

मारोतराव दारात उभे राहून पाहत होते. कधी नव्हे ते आपणहून बोलले. "आपल्यासारखंच आहे त्यायचं बी," म्हणाले. "तू भांड्यायवर नाव कोरते, ते भिंतीवर कोरतेत. शाई वेगळी भेटली, एवढंच." मी म्हटले, माझ्या नावाची तुलना तुम्ही कशाशी करता आहात? ते म्हणाले, "यादोचं ताट वेगळं केलं तवा तो मले म्हणे, दादा, पाहुण्याले घरचं ताट देतेत, मले माह्या नावाचं देलं. म्हणजे यायच्या भांड्यात मी नाही." आणि छत्री घेऊन बाहेर गेले. ऊन नव्हते, पाऊस नव्हता.

'चांगलं केलं, वयनी.' म्हणजे तेही 'पाहू'सारखेच होते. बादली हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही.

पण पुढचे ऐका. उभी होते म्हणून दिसले. बैठकीपासून न्हाणीपर्यंत आमच्याकडे एक बोळ आहे, ती धुण्याचे काम मारोतरावांकडे. ते ती धूत नाहीत. कपडे धुवून उरलेले साबणाचे पाणी ओततात, वर साध्या पाण्याची बादली उपडी करतात आणि 'झालं' म्हणतात. यावरून आमचे नेहमी वाजते. फिनाईल नाही, शिंपडणे नाही, घरातली सर्वांत हलगर्जीपणे धुतलेली जागा ती. आणि तुम्हाला सांगते, ती बोळ कोरडी होती. सुरुवातीला दोघांनी तिथेही खुणा केल्या होत्या, मला आठवत होते. पण त्यानंतर कधी नाही. चौकट ओली, पायरी ओली, गुंड ओला, माझ्या हातची प्रत्येक जागा ओली, आणि यांची बोळ तेवढी कोरडी.

मी विज्ञान शिकवले आहे हे मी मघाशी सांगितले. चौकटीची डावी बाजू मी माझ्या बादलीने पुसली, उजवी बाजू साबण लावून साध्या पाण्याने. आणि बसले पेपर घेऊन. मॉनिटर आला. उजवी बाजू हुंगली, पुढे गेला. डावी बाजू हुंगली, थांबला, मान वाकडी केली, पुन्हा खोल हुंगले... आणि पाय वर केला. दुसऱ्या दिवशी बाजू बदलून पाहिले. तो पुन्हा बादलीच्याच बाजूला.

हर्षाला फोन केला. म्हटले, समज एखाद्या घरात, म्हणजे एखाद्या घरात, पुसण्याच्या पाण्यात थोडे गोमूत्र घालत असतील तर? मला वाटते तिने फोन बाजूला धरला होता. मग अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "बाई, कुत्र्याच्या नाकाला ते मूतच ना. त्यांना वाटत असेल, घरात तिसरं कोणी आहे आणि ते रोज सकाळी सगळ्यांच्या वर खूण करून जातं. मग तेही बिचारे उत्तर देतात." तिसरे कोणी! म्हणजे मी, सासूबाईंच्या पद्धतीने, पळीने मापून, रोज सकाळी त्या दोघांना आव्हान देत होते. आणि ते दोघे इमानदारीने रोजचा गृहपाठ करत होते. हर्षा पुढे म्हणाली, "ऑपरेशन वाया नाही गेलं, बाई. त्याचा उपयोग होईलच. पण मॉनिटरचंही करा, आणि वास घालवा." मी म्हटले, ठीक आहे. मागच्या वेळी तिने विचारले होते, कशाने धुता. तेव्हाच सांगितले असते तर... पण डॉक्टरला गोमूत्र कोण सांगते?

टाके सुटले त्या सकाळची गोष्ट. भावजींनी कापडी पिशवी भरून बैठकीत दारापाशी ठेवली. दुपट्टा खुर्चीवरून आपणहून काढून खांद्यावर घेतला. खुर्ची मोकळी झाली. तुम्हाला सांगते, इतकी मोकळी खुर्ची मी आयुष्यात पाहिली नाही. मग त्यांनी स्वयंपाकघरातून ते ताट आणले, धुतलेले, पुसलेले, आणि माझ्यापुढे धरले. "हे ठेवा, वयनी. नाव खोडता आलं त खोडून घ्या. ताट चांगलं आहे, कामी पडन."

मारोतराव जागचे हलले नाहीत. सरपंच नरसाळ्याशिवाय प्रथमच मोकळा बसला होता, मॉनिटर त्याच्यापासून हातभर अंतरावर.

मी शिक्षिका आहे, मला प्रस्तावना करता येते, पण ती सुचली नाही. मी म्हटले, भावजी, कोरलेले नाव खोडता येत नाही. भंडाऱ्याचे काम आहे. आता हे ताट लग्नात उसने गेले तरी परत याच घरात येईल. लोक नाव वाचतील आणि इथे आणून देतील.

भावजींचा अंगठा पुन्हा अक्षरांवर. मी म्हटले, तुम्हाला न विचारता मी सरपंचाला नेले, ते चुकले. 'पाहू'चा अर्थ मला ठाऊक नव्हता. आणि हेही ऐका, की भिंती एकटा सरपंच ओल्या करत नव्हता. माझा मॉनिटर करत होता, आणि... आणि बादलीचे सगळे सांगितले. डावी बाजू, उजवी बाजू, हर्षा, तिसरे कोणी. सांगताना मी कुणाकडेही पाहिले नाही.

आधी मारोतरावांच्या पोटातून आवाज आला. मग भावजींचा वाकडा झालेला ओठ हलला. "म्हणजे वयनी," ते म्हणाले, "सरपंचाले वाटून राहिलं होतं का निवडणुकीत तिसरी पार्टी बी उभी आहे."

कोणत्याही वर्गाला मी इतका वेळ हसू दिलेले नाही.

हसणे संपल्यावर भावजी पुन्हा गंभीर झाले. "पण न्याय म्हणजे न्याय, वयनी. माह्याचं झालं, तुमच्या मॉनिटरचं काय?" मी मॉनिटरकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, होईल. तुम्ही बरोबर चला, पाय तुम्ही धरा. भावजींनी पिशवीकडे पाहिले, दाराकडे पाहिले. "आता बांधलीच आहे पिशवी, त..." आणि तिथेच अडले, कारण निघालेल्या माणसाला आपणहून थांबता येत नाही, त्याला काहीतरी निमित्त लागते, आणि ते मला सुचेना, मारोतरावांना तर काहीच सुचत नाही.

मॉनिटर उठला. सावकाश गेला. पिशवी हुंगली, एकदा वरून, एकदा खालून. आणि पाय वर केला.

"गेली पिशवी," मारोतराव म्हणाले.

"वल्ली झाली ना जी सारी," भावजी म्हणाले, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आता कपडे वाळल्याबिगर कसा जाऊ?"

मग ठरले ते असे. मॉनिटरचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, भावजी सोबत येणार. गोमूत्राची बाटली रुखमिणीबाईंना परत, मला हवे असेल तर देवघरात थेंबभर, फरशीवर नाही. भावजींचे ताट माझ्या ताटांच्या चळतीत, वेगळ्या कोनाड्यात नाही. या घरात यापुढे 'पाहू' हे उत्तर धरले जाणार नाही. 'हो' किंवा 'नाही'. भावजी म्हणाले, "हो." मी म्हटले, हो. मारोतरावांना विचारले, तुम्हाला मान्य? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पाहू."

दुपट्टा अजून खुर्चीवरच होता. पिशवीखालचा ओघळ हळूहळू देवघराच्या पायरीकडे चालला होता.

मी बादली भरली. साधे पाणी.